संसदीय की अध्यक्षीय? आधी उठवायचं कसं ते सांगा

१३ जून २०१० रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. बहुमत कुणालाच नव्हतं, डच भाषकांचे पक्ष आणि फ्रेंच भाषकांचे पक्ष यांचं काही केल्या जमेना, आणि नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी व्हायला ६ डिसेंबर २०११ उजाडला. मधले ५४१ दिवस जुनेच मंत्री काळजीवाहू म्हणून खाती सांभाळत होते. तेवढ्यात देशाने युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं सहा महिन्यांचं अध्यक्षपद पार पाडलं आणि मार्च २०११ मध्ये लिबियावरच्या मोहिमेत आपली लढाऊ विमानंही पाठवली. सरकारी नोकरांचे पगार होत राहिले.

आता अमेरिका. २२ डिसेंबर २०१८. राष्ट्राध्यक्ष जागेवर, सिनेट जागेवर, प्रतिनिधीगृह जागेवर, कुणाच्याही खुर्चीला धक्का नाही. तरीही मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीला पैसे द्यायचे की नाहीत यावर दोन्ही बाजू अडून बसल्या आणि केंद्राच्या अनेक खात्यांना टाळं लागलं. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्यातले निम्म्याहून अधिक लोक बिनपगारी कामावर येत होते. पस्तिसाव्या दिवशी, २५ जानेवारीला, हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडल्यामुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरची विमानं खोळंबली, आणि त्याच दिवशी तात्पुरती तडजोड झाली.

पहिल्या देशात दीड वर्ष सरकारच ठरत नव्हतं, तरी कारभार चालू राहिला. दुसऱ्यात सरकार पूर्णपणे स्थिर होतं आणि कारभार बंद पडला. संसदीय की अध्यक्षीय, म्हणजे संसदेच्या विश्वासावर टिकणारं सरकार की ठरल्या मुदतीचा राष्ट्राध्यक्ष, हा वाद निघाला की पहिला मुद्दा स्थैर्याचा येतो, आणि तो आला की मला ही दोन उदाहरणं आठवतात. स्थैर्य नेमकं कशाचं मोजायचं? खुर्चीवरच्या माणसाचं, की त्याच्या हातून होणाऱ्या कामाचं?

अध्यक्षीय पद्धतीचं आकर्षण मला कळतं. मतदाराला थेट माणूस निवडता येतो. त्याची मुदत ठरलेली असते, त्यामुळे रोज उठून आमदार-खासदार मोजत बसावं लागत नाही. मंत्री म्हणून कुणाला घ्यायचं यावर निवडून आलेल्यांपुरतंच बंधन नसतं, बाहेरचा जाणकार आणता येतो. घोडेबाजाराला कंटाळलेल्या कुठल्याही समाजाला हे सगळं स्वच्छ वाटणारच. भारतातही हा विचार नवा नाही. संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी सत्तांच्या पूर्ण विभागणीचा आग्रह धरला होता, आणि पुढे वसंत साठे यांच्यासारखे नेते अध्यक्षीय पद्धतीची उघड बाजू घेत राहिले.

त्या वादातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा धागा मात्र डॉ. आंबेडकरांच्या भाषणात आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना ते म्हणाले की लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळाने दोन अटी पाळायला हव्यात. ते स्थिर हवं आणि जबाबदार हवं. दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची आणि स्वित्झर्लंडची पद्धत स्थैर्य जास्त देते, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत उलट. पुढे त्यांनी हिशेब घेण्याच्या वेळेचा भेद केला. अध्यक्षीय पद्धतीत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो आणि तो मतदार घेतात. संसदीय पद्धतीत मुदतीचा हिशेब आहेच, शिवाय रोजचा आहे: प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास प्रस्ताव. मसुद्याने जास्त स्थैर्यापेक्षा जास्त जबाबदारी पसंत केली, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. कुठलाही आडपडदा नाही, दोन्ही हातांत लाडू असल्याचा दावा नाही. या विषयावर बोलणाऱ्यांमध्ये हा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

रोजचा हिशेब म्हणजे काय, हे एका प्रसंगातून दिसतं. मे १९४०, लंडन. नॉर्वेतली ब्रिटनची मोहीम फसली होती. ७ आणि ८ मे रोजी कॉमन्स सभागृहात त्यावर चर्चा झाली. प्रस्ताव तसा निरुपद्रवी होता, सभागृह तहकूब करावं एवढाच. पण पहिल्याच दिवशी पंतप्रधान चेंबरलेन यांच्याच पक्षाचे लिओ अ‍ॅमरी उभे राहिले आणि तीन शतकांपूर्वी क्रॉमवेलने संसदेला सुनावलेले शब्द त्यांनी आपल्या नेत्याला सुनावले: देवाच्या नावाने सांगतो, चालते व्हा. दुसऱ्या रात्री मतदान झालं. सरकारच्या बाजूने २८१, विरोधात २००. चेंबरलेन जिंकले होते. पण एरवी दोनशेच्या वर असणारं मताधिक्य ८१ वर आलं होतं. सत्ताधारी बाजूचे चाळीसेक खासदार विरोधकांबरोबर गेले होते, त्यातले काही तर लष्करी गणवेशातच सभागृहात आलेले, आणि आणखी बरेच जण मतदानालाच फिरकले नव्हते. १० मे रोजी हिटलरच्या फौजा हॉलंड आणि बेल्जियममध्ये घुसल्या. त्याच दिवशी संध्याकाळी चेंबरलेन गेले आणि चर्चिल आले. ऐन युद्धात, निवडणूक न घेता, एका लेखी नियमानेही भाग पाडलेलं नसताना.

याच्याशेजारी १९३२-३३ चा अमेरिकेतला हिवाळा ठेवा. ८ नोव्हेंबर १९३२ रोजी रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. हूवर हरले, पण पुढचे जवळजवळ चार महिने तेच राष्ट्राध्यक्ष होते, कारण शपथविधीची तारीख ४ मार्च होती. मंदी शिगेला पोचलेली. फेब्रुवारीत मिशिगनने राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या आणि तिथून लोण पसरलं. ज्याच्या हातात अधिकार होता त्याला देशाने नाकारलं होतं, आणि ज्याला देशाने स्वीकारलं होतं त्याच्या हातात अधिकार नव्हता. दोघांचं एकत्र पाऊल पडेना. शपथविधीच्या सकाळपर्यंत बहुतेक राज्यांतल्या बँका बंद झाल्या होत्या किंवा त्यांच्यावर निर्बंध आले होते. नंतर घटनादुरुस्तीने शपथविधी २० जानेवारीवर आणला गेला. म्हणजे चार महिन्यांची कोंडी अडीच महिन्यांवर आली. मूळ गाठ तशीच राहिली.

ती गाठ म्हणजे ठरलेली मुदत. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा ठरलेली मुदत हा मोठाच गुण आहे. बिघडतं तेव्हा तीच गळ्याशी येते, कारण मुदतीपूर्वी बदल करायला साधा दरवाजाच नसतो. महाभियोग असतो, पण महाभियोग हा खटला आहे. माणूस अपात्र ठरला, धोरण फसलं, देशाचा विश्वास उडाला, ही खटल्याची कारणं होऊ शकत नाहीत. गुन्हा लागतो, आणि वर दोन तृतीयांश मतं लागतात. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाने आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर एकूण चार वेळा महाभियोग चालवला: १८६८ मध्ये जॉन्सन, १९९८ मध्ये क्लिंटन, २०१९ आणि २०२१ मध्ये ट्रम्प. सिनेटने एकालाही काढलं नाही. जॉन्सन एका मताने वाचले. निक्सन यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला म्हणून तो प्रश्न सुटला.

लॅटिन अमेरिकेत या गाठीचा फास झालेला दिसतो. चिलीमध्ये १९७० साली साल्वादोर आयेंदे यांना ३६ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. तिरंगी लढतीत तेवढी पुरेशी होती, आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घटनेप्रमाणे त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं. मुदत सहा वर्षांची. मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत विरोधकांनी निम्म्याहून अधिक मतं मिळवली, पण आयेंदे यांना हटवायला लागणारं दोन तृतीयांश बहुमत काही मिळालं नाही. ऑगस्टमध्ये कनिष्ठ सभागृहाने सरकार घटनेबाहेर वागत असल्याचा ठराव केला. त्या ठरावाला कायद्याने काडीची किंमत नव्हती. राष्ट्राध्यक्ष म्हणणार मला लोकांनी निवडलंय, काँग्रेस म्हणणार आम्हालाही लोकांनीच निवडलंय, आणि दोघांचंही खरं. ११ सप्टेंबरला लष्कराने हा वाद रणगाड्यांनी मिटवला आणि चिलीने पिनोशेची सतरा वर्षं भोगली. त्या उठावामागे आर्थिक कोंडी होती, परकी हात होते, लष्कराची स्वतःची भूक होती. सगळा दोष घटनेच्या कलमांवर टाकणं भाबडेपणाचं होईल. तरी ऑगस्टमधला तो ठराव संसदीय देशात झाला असता तर सरकार दुसऱ्या दिवशी पायउतार झालं असतं, आणि आयेंदे विरोधी पक्षनेते म्हणून पुढच्या निवडणुकीची तयारी करत बसले असते.

दोन्ही बाजूंकडे जनादेश आणि मध्यस्थ कुणीच नाही, ही अडचण स्पॅनिश वंशाचे राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९९० मध्ये नेमकेपणाने मांडली. त्यावर ब्राझीलचे होसे अंतोनियो चेइबुब यांनी घेतलेला आक्षेपही दमदार आहे. अध्यक्षीय लोकशाह्या जास्त कोसळल्या हे खरं, पण त्या मुळात लष्कराने राज्य केलेल्या देशांत उभ्या राहिल्या होत्या. रोग आधीचा होता, पद्धतीला उगाच दोष देऊ नका. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. लष्कर डोक्यावर बसलेल्या देशात कुठलीच घटना सुखाने नांदत नाही. पण ज्या देशात घर असं कच्चं आहे, तिथेच बाहेर पडायला जास्त दरवाजे हवेत, असं मला उलट वाटतं.

दरवाजा नसला की लोक भिंत फोडतात. पेरूच्या घटनेत ‘नैतिक असमर्थता’ या कारणावरून राष्ट्राध्यक्षाला हटवण्याची तरतूद आहे. तिचा अर्थ कुणीही काहीही लावावा इतकी ती ढिली आहे, आणि काँग्रेसने तिचं अविश्वास ठरावात रूपांतर करून टाकलं. नोव्हेंबर २०२० मध्ये पेरूने साधारण आठवड्याभरात तीन राष्ट्राध्यक्ष पाहिले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष कास्तियो यांनी काँग्रेसने आपल्याला हटवण्याआधी आपणच काँग्रेस बरखास्त करायची चाल खेळली, आणि त्याच दिवशी पदही गेलं, अटकही झाली. ज्यांना अध्यक्षीय पद्धत म्हणजे पाच वर्षं शांतता असं वाटतं, त्यांनी पेरूकडे एकदा पाहावं. घोडेबाजार थांबतो म्हणणाऱ्यांनी ब्राझीलकडे: २००५ मध्ये तिथे उघडकीला आलेल्या प्रकरणात मित्रपक्षांच्या खासदारांना पाठिंब्यासाठी चक्क मासिक हप्ते दिले जात होते, आणि त्या घोटाळ्याचं नावच त्या मासिक हप्त्यावरून पडलं. राष्ट्राध्यक्षाला कायदे करून घ्यायला खासदार लागतातच. ते त्याच्या पक्षाचे नसतील तर बाजार भरतोच, फक्त दुसऱ्या गल्लीत.

दक्षिण कोरियाचं उदाहरण अध्यक्षीय बाजूने देता येईल, आणि द्यायलाही हवं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिकांनी घेरलेल्या इमारतीत खासदार कुंपणावरून उड्या मारून शिरले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो रद्द करण्याची मागणी केली; पहाटेपर्यंत तो मागे घ्यावा लागला. यंत्रणा टिकली. मात्र १४ डिसेंबरला महाभियोग मंजूर होऊनही घटना न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ४ एप्रिल उजाडला. चार महिने देशाला हंगामी माणसावर, आणि एकदा त्या हंगामीच्याही हंगामीवर, भागवावं लागलं.

मग दोन्हींतलं चांगलं घेऊन मधला रस्ता काढायचा मोह होतो. इस्रायलने तो करून पाहिला. संसदीय पद्धत तशीच ठेवायची, फक्त पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा. हेतू असा की छोट्या पक्षांच्या तालावर नाचावं लागू नये. १९९२ मध्ये कायदा झाला, १९९६ पासून अमलात आला. मतदाराच्या हातात आता दोन चिठ्ठ्या होत्या. त्याने पंतप्रधानपदासाठी मोठ्या पक्षाच्या माणसाला मत दिलं आणि दुसरी चिठ्ठी बिनधास्त आपल्या आवडीच्या छोट्या पक्षाला दिली. मजूर आणि लिकुड या दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ मध्ये १२० पैकी ७६ जागा होत्या. १९९६ मध्ये ६६ झाल्या, १९९९ मध्ये ४५. ज्या रोगावर औषध दिलं तोच बळावला. थेट निवडून आलेला पंतप्रधान आधीपेक्षा जास्त पक्षांच्या दाराशी उभा राहिला. २००१ मध्ये कायदा रद्द झाला. नऊ वर्षांत चूक करणं, मोजणं आणि दुरुस्त करणं, हे फार थोड्या देशांना जमलं आहे, तेव्हा इस्रायलच्या खासदारांना एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

फ्रान्सचं जरा वेगळं. चौथ्या प्रजासत्ताकाच्या बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारं झाली आणि त्या वैतागातून १९५८ मध्ये द गॉल यांची घटना आली. संसदेत बहुमत राष्ट्राध्यक्षाचं असेल तोवर ती झकास चालते. २०२४ च्या उन्हाळ्यात मॅक्रों यांनी सभागृह विसर्जित केलं, त्रिशंकू निकाल लागला, डिसेंबर २०२४ मध्ये बार्निए यांचं सरकार पडलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बायरू यांचं. विसर्जनाचा निर्णय ज्याचा, तो जागेवर. पडतात ते पंतप्रधान. जबाबदारी एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की मतदाराने राग धरायचा कुणावर?

श्रीलंकेत या वाटणीची किंमत रस्त्यावर चुकवली गेली. १९७८ च्या घटनेने जयवर्धने यांनी राष्ट्राध्यक्षाच्या हाती अवाढव्य सत्ता दिली. २०२२ मध्ये इंधन, औषधं, परकीय चलन सगळंच संपलं तेव्हा पंतप्रधान महिंदा राजपक्षे मे महिन्यात गेले. पण राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे जाईनात, आणि त्यांना घालवण्याची घटनात्मक वाट म्हणजे दोन तृतीयांश बहुमत, सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, पुन्हा मतदान. ९ जुलैला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसला. १३ तारखेला ते देशाबाहेर पळाले आणि दुसऱ्या दिवशी परदेशातून ई-मेलने राजीनामा पाठवला. १९९४ पासून तिथल्या एकामागून एक नेत्याने ही कार्यकारी राष्ट्राध्यक्षपदाची पद्धत मोडून काढण्याचं आश्वासन दिलं आहे. निवडून आल्यावर त्या खुर्चीत बसलं की ती बहुधा तितकीशी वाईट वाटत नसावी. तुर्कस्तानात उलटा प्रवास झाला: १६ एप्रिल २०१७ च्या सार्वमतात ५१ टक्क्यांच्या काठावर पंतप्रधानपद रद्द ठरलं, आणि नव्या सर्वाधिकारी पदावर कोण बसणार याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. पद्धत बदलण्याची मागणी जर आधीच सत्तेत असलेल्याने केली असेल, तर मी तरी आधी खिसा चाचपून बघतो.

इथवर वाचून संसदीय पद्धतीचा वकील जिंकला असं वाटत असेल, तर आता उलटतपासणी. तिच्यातही हुकूमशाही माजू शकते, आणि तिथे अडवायला समोर कुणीच नसतं, कारण सरकार आणि बहुमत एकच. भारतात आणीबाणीच्या काळात हेच झालं. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती १९७५ च्या ऑगस्टमध्ये ७ तारखेला लोकसभेत आली. ८ तारखेला राज्यसभा, ९ ला राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची सही. चार दिवस. विरोधी नेते तुरुंगात होते हे खरं, पण मत देणारे हात तर सत्ताधारी बाकांवरचे होते. तिथे कुणी अ‍ॅमरी उभा राहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की संसदीय पद्धतीचा सगळा डोलारा त्या चाळीसेक खासदारांवर उभा आहे, जे १९४० मध्ये आपल्याच सरकारविरुद्ध गेले. ते असतील तर रोजचा हिशेब होतो. नसतील तर संसदीय पद्धत म्हणजे अंकुश नसलेली अध्यक्षीय पद्धत, आणि मग खरी अध्यक्षीय परवडली. कारण तिथे निदान कायदेमंडळ वेगळं असतं. २८ जुलै २०१७ च्या पहाटे अमेरिकन सिनेटमध्ये आरोग्यविम्याचा आधीचा कायदा मोडण्याचा प्रस्ताव मताला आला. सत्ताधारी पक्षाचे जॉन मॅकेन, मेंदूच्या कर्करोगाचं निदान होऊन काही दिवस झालेले, सचिवांच्या टेबलासमोर आले, हात पुढे केला, क्षणभर थांबले आणि अंगठा खाली केला. प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ ने पडला. राष्ट्राध्यक्ष चिडले, पक्ष चिडला. मॅकेन सिनेटर राहिले.

आता तेच मत भारतात कुणी पक्षादेश झुगारून दिलं असतं तर? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर त्याचं सदस्यत्वच धोक्यात आलं असतं. आयाराम-गयारामांना आवरायला हा कायदा केला, आणि ती गरज खोटी नव्हती. पण तो फक्त अविश्वास ठरावापुरता ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती. तो कुठल्याही विधेयकावरच्या पक्षादेशाला लागू होतो. चेंबरलेनविरुद्ध मत देणारे ते सगळे या नियमाखाली अपात्र ठरले असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी आपल्याविरुद्ध मत देणाऱ्या २१ खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं. त्यात चर्चिल यांचा नातू निकोलस सोम्स होता. पक्षाने घराबाहेर घातलं, पण मतदारांनी दिलेली जागा मात्र कुणाला हिरावता आली नाही. ब्रिटिश पद्धत घेतली आणि तिचा हा कणाच काढून टाकला, असं भारताच्या बाबतीत झालं आहे. आंबेडकरांनी जास्त जबाबदारीसाठी कमी स्थैर्याचा सौदा पत्करला होता. दहाव्या परिशिष्टाने तो सौदा उलटा फिरवला, आणि फोडाफोडी काही थांबली नाही. एकेकटे जाणारे आता गटाने जाऊ लागले.

स्थैर्याची काळजी रास्त आहे, पण तिच्यासाठी खासदारांची तोंडं शिवावी लागत नाहीत. वायमार जर्मनीत, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात, संसद चॅन्सेलरला, म्हणजे पंतप्रधानाला, पाडायला एकत्र यायची आणि नवा निवडायला कधीच एकत्र येत नसे; मधल्या पोकळीत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वटहुकमांनी राज्य चालवू लागले आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. त्यावर १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या घटनेने, ६७ व्या कलमात साधी अट घातली: नुसता अविश्वास चालणार नाही, पुढचा चॅन्सेलर कोण त्याचं नाव त्याच ठरावात हवं आणि त्याला बहुमत हवं. पाडणाऱ्यांनी आधी जुळवून यावं. ही तरतूद अडसर ठरत नाही, हे तशीच तरतूद असलेल्या स्पेनने २०१८ मध्ये दाखवलं. १ जूनला ठराव मंजूर झाला आणि पंतप्रधान राहॉय यांच्या जागी सांचेझ आले, निवडणुकीविना. उलट १७ एप्रिल १९९९ रोजी भारतात वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार मात्र उभं करता आलं नाही. देशाला शरद ऋतूपर्यंत काळजीवाहू सरकारवर राहावं लागलं, आणि त्याच मधल्या काळात कारगिलचं युद्ध झालं. जर्मन अट असती तर सरकार पाडण्याआधीच दोनशे सत्तर जणांना एकमेकांकडे पाहून विचारावं लागलं असतं, मग आपला कोण? विधी आयोगाने त्याच वर्षी आपल्या १७० व्या अहवालात अशी तरतूद सुचवली होती. ती अहवालातच आहे.

तेव्हा निवड करायची असेल तर मी संसदीय पद्धत निवडेन, दोन अटींवर. पाडायचं असेल तर पर्याय हातात घेऊन पाडा. आणि सरकारचं जीवनमरण ठरवणारं मतदान सोडून बाकी वेळी खासदाराच्या मतावर त्याची जागा अवलंबून ठेवू नका. पहिली अट कागदावर उतरवायला सोपी आहे. दुसरीला सगळेच पक्ष घाबरतात, सत्तेतले आणि विरोधातलेही, कारण मोकळा खासदार विकतही घेता येतो. ही भीती पोकळ नाही. २७ एप्रिल १९७२ रोजी पश्चिम जर्मनीत चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध पहिल्यांदा ६७ वं कलम वापरलं गेलं. विरोधी नेते बार्झेल यांना २४९ मतं हवी होती आणि त्यांच्या गोटात ती मोजलेली होती. गुप्त मतपत्रिका उघडल्या तेव्हा २४७ निघाली. पूर्व जर्मनीच्या गुप्तचर खात्याने ५०,००० मार्क मोजून बार्झेल यांच्याच पक्षातल्या एका खासदाराचं मत विकत घेतल्याचं नंतर उघड झालं. त्या नोव्हेंबरमध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली, मतदान ९१ टक्के झालं, आणि सभागृहात दोन मतांनी वाचलेल्या ब्रांट यांचा पक्ष महायुद्धानंतर पहिल्यांदाच देशातला सर्वांत मोठा पक्ष ठरला.